तीन चंबू पाणी

अन्नपूर्णाबाईंची ओळख करून द्यायची तर बोटांपासून सुरुवात करावी लागेल, कारण मी त्यांचा चेहरा नंतर पाहिला, बोटं आधी.

दोन हजार चार सालच्या मार्चमध्ये मी राहुरीहून जनुकशास्त्रातली ताजी डॉक्टरेट आणि तेवढाच ताजा तोरा घेऊन चेन्नईला रुजू झाले. चेन्नई म्हणायला. आमचं भात संशोधन केंद्र श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे, एका ट्रस्टच्या चाळीस एकरांवर होतं. चारी बाजूंना कारखान्यांच्या भिंती उठत होत्या, आणि पहिल्या पाळीची माणसं भरलेल्या कंपन्यांच्या बसगाड्या सकाळी आमच्या फाटकावरून धुरळा उडवत जायच्या. पहिल्या दिवशी साडेसातला मला शेडमध्ये नेलं, तेव्हा एक बाई पाठमोऱ्या बसल्या होत्या, भाताच्या लोंबीवर वाकून. डाव्या हाताच्या दोन बोटांत लोंबी, उजव्या हातात घड्याळजीचा चिमटा.

भाताचं फूल ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, ते तांदळाच्या दाण्यापेक्षा फारसं मोठं नसतं. त्याच्या आत सहा परागकोश असतात आणि तळाशी पराग झेलणारी, पिसासारखी मऊ कुक्षी. दोन भातांचा संकर करायचा तर आईच्या फुलाचं टोक तिरकं कापायचं, सहाही परागकोश एकेक करून बाहेर काढायचे, त्यातला एकही फुटू द्यायचा नाही आणि कुक्षीला धक्का लागू द्यायचा नाही. मी विद्यापीठात हे काम केलं होतं आणि शंभरातली चाळीस फुलं मारली होती. त्या बाईंनी मी मागे उभी असेपर्यंत वीस फुलं रिकामी केली. मी मोजत होते. एकही वाया गेलं नाही.

मग मागे वळून न बघता त्या म्हणाल्या, "उजेड सोडून उभें राहा कीं, मॅडम."

मी बाजूला सरकले. चेन्नईच्या शेडमध्ये मराठी, आणि तीही माझ्या खापरपणजीनं लिहिलेल्या पत्रात असेल तशी. माझी फाइल त्यांनी आधीच पाहिली होती, सातारा हे गाव वाचलं होतं. त्यांचं कुळ तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला गेलेल्या मराठ्यांतलं. घरात मराठी, दारात तमिळ. माझं बोलणं ऐकून त्या हसायच्या. "तुम्हीं बातम्या वाचल्यासारखें बोलतां," म्हणायच्या. मला त्यांचं बोलणं जुन्या सनदेतून उठून आल्यासारखं वाटायचं, पण हे मी त्यांना सांगितलं नाही. एवढी अक्कल मला होती.

एक्कावन्न वर्षांच्या त्या बाई सडपातळ, ताठ आणि कामाच्या बाबतीत कडक. नवरा रेल्वेत होता, तो लवकर गेला. तेव्हापासून म्हणजे शहाऐंशी सालापासून त्या केंद्रावर रोजंदारीनं काम करत होत्या. मुलगा अरुण शाळेत जायचा तेव्हा रोजंदारी, तो कारखान्यात लागला तरी रोजंदारी. दर दोन वर्षांनी कुणीतरी त्यांना कायम करायची फाइल काढायचं आणि ती कुठेतरी झोपायची. दोन हजार पाच साली मात्र यादी खरीच निघाली. पहिलंच नाव त्यांचं होतं, आणि यादी आमच्या डायरेक्टरांच्या, डॉक्टर सेतुरामन यांच्या टेबलावर सहीसाठी पडली होती. एकोणीस वर्षांनी. अन्नपूर्णाबाईंनी त्याबद्दल माझ्याकडे एकदाच विषय काढला. कायम झालं की ओळखपत्रावर नाव छापून मिळतं, एवढंच म्हणाल्या.

आमच्या प्रकल्पाचा प्रश्न दिसायला साधा होता. भाताला तहान सोसायला काय लागतं? रामनाथपुरम जिल्ह्यात तळी दर दोन-तीन वर्षांनी कोरडी राहतात. तिथले लोक पिढ्यानपिढ्या एक उंच, तांबड्या दाण्याचा भात नुसत्या पावसावर पिकवत आले. दाणे थोडे, पण महिनाभर पाऊस पडला नाही तरी तो तग धरतो. उलट कावेरीच्या खोऱ्यातला बुटका भात लोंब्यांनी लगडतो, पण आठवडाभर पाणी तोडलं की मान टाकतो. दोन हजार एक साली, मी येण्याच्या आधी, अन्नपूर्णाबाईंनी या दोघांचा संकर केला होता. खोऱ्यातला भात आई, रामनाथपुरमचा बाप. सात दाणे धरले. त्यातल्या एका दाण्याचं झाड वाढवलं, मग त्याची बी, त्या बीची बी, असं पिढ्यामागून पिढ्या वाढवत तीनशे वेगळे नंबर तयार झाले.

तीनशे सख्खी भावंडं, सगळी त्या चिमट्यातून निघालेल्या एका दाण्याची. एकाला आईची उंची आणि बापाचा रंग, दुसऱ्याला बापाची उंची आणि आईचा दाणा. मी त्या शेतात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा हातातली वही उघडायची विसरले. पुस्तकात वाचणं वेगळं आणि तीनशे तऱ्हेची हिरवी भावंडं वाऱ्यावर हलताना बघणं वेगळं.

तहान सोसण्याचं एक जनुक नसतं. असतं तर मला नोकरी कुणी दिली असती? मूळ किती खोल जाणार, किती जाड होणार, पान उन्हात किती लवकर वळणार, फुलायला किती थांबणार, या प्रत्येकामागे कितीतरी जनुकं असतात, बारा गुणसूत्रांवर विखुरलेली, प्रत्येकाचा हातभार चिमूटभर. कुठल्या भावंडाकडे बापाकडून काय आलं ते आम्ही प्रयोगशाळेत जेलवर उमटणाऱ्या पट्ट्यांवरून ओळखायचो. पण त्यातून गल्ली कळते, घर कळत नाही. घर शोधायचं तर झाडाला खरोखरच तहानेलं ठेवून बघावं लागतं.

म्हणून नऊशे पाइप उभे केले. प्रत्येक पाइप मीटरभर उंच, वीतभर रुंद, वाळूमिश्रित मातीनं भरलेला, वर प्लॅस्टिकचं छप्पर. प्रत्येक नंबराला तीन पाइप. शास्त्र सांगतं की हे तीन पाइप शेडभर विखरून ठेवावेत, म्हणजे एका कोपऱ्यात काही बिघडलं तर तिन्ही बिघडत नाहीत. मी ते शेजारी शेजारी ठेवले. मुळं धुताना सरमिसळ होऊ नये असं कारण मी सगळ्यांना दिलं. खरं कारण माझा आळस. ही चूक माझी, आणि ती आधीच कबूल करून टाकते.

बारा जुलैला पाणी तोडलं. दहा-बारा दिवसांनी पानं वळायला लागली. रोज भर दुपारी अन्नपूर्णाबाई शेडमधून फिरायच्या आणि प्रत्येक झाडाला आकडा द्यायच्या. पान सपाट असेल तर शून्य, सुईसारखं वळलेलं असेल तर नऊ. त्यांच्या आकड्यांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवायचे. दुपारी सुईसारखी झालेली पानं सकाळी पाहावीत तर पुन्हा उघडलेली असायची. ज्याला डोळे नाहीत, मेंदू नाही, ते झाड ऊन चढलं की अंग चोरतं आणि उतरलं की पसरतं. रोज पाहूनही मी सकाळी आधी तेच बघायला जायचे. जसजसे दिवस जातात तसतशी काही झाडं सकाळीही उघडत नाहीत. ती संपली असं धरायचं.

तीन ऑगस्टला तमिळ आडी महिन्याचा अठरावा दिवस होता. कावेरीला नवं पाणी चढतं तो हा सण. तंजावरकडच्या बायका त्या दिवशी नदीवर जातात, चिंचेचा भात, दहीभात, लिंबाचा भात नेतात, हळदीचा दोरा बांधतात. आमच्याकडे कावेरी कुठून आणायची? अन्नपूर्णाबाई केंद्राच्या बोअरवेललाच कावेरी मानायच्या. त्या सकाळी त्यांनी घरून पितळी चंबू आणला, बोअरवेलला हळदकुंकू वाहिलं, आम्हां सगळ्यांना तीन तऱ्हेचे भात वाढले, दुपारचे आकडे लिहिले आणि रजा घेऊन आठ दिवसांसाठी तंजावरला गेल्या. नोंदवहीत एकशे सत्तेचाळीस नंबरापुढे त्यांच्या हातचे सलग तीन दिवसांचे नऊ होते. म्हणजे संपलेला नंबर.

चार तारखेपासून आकडे मी घेऊ लागले. पाच तारखेला एकशे सत्तेचाळीसची पानं अर्धी उघडलेली होती. तिन्ही पाइपांत. सहा तारखेला जवळजवळ सपाट, आणि मधून एक नवं पान निघालेलं. आजूबाजूची झाडं वाळून गवत झालेली, पाणी तोडून पंचवीस दिवस झालेले, आणि हे मेलेलं झाड परत आलेलं. मी तिथेच मातीत बसले. मला रडू आलं, आणि मी ते कुणापासून लपवलं नाही. असं काही जगात कुणी पाहिलं नव्हतं. पाण्याशिवाय उठून उभं राहणारा भात.

मग मी त्याच्या पट्ट्या काढून बसले. बापाकडून चार ठिकाणी काही आलेलं दिसत होतं. तसं ते आणखी साठ नंबरांतही दिसत होतं, पण प्रेमात पडलेल्या माणसाला शेजारचं कोण दिसतं? मी डॉक्टर सेतुरामनना शेडमध्ये ओढून आणलं. शांत गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि झाडापुढे बराच वेळ उभे राहिले. शेवटी म्हणाले की वाट बघायची नाही, याच सप्टेंबरात हे बी रामनाथपुरमला टोकायचं.

तिथली शेतं आधीच ठरलेली होती. परमकुडीजवळच्या एका गावात अन्नपूर्णाबाईंची धाकटी बहीण चारुलता दिली होती. तिच्या नवऱ्यानं गावात सांगितलं, अक्काच्या हातचं बी येणार आहे. त्या शब्दावर अकरा घरांनी तळ्याखालची पाच-पाच गुंठे जमीन देऊ केली. ही त्यांची सगळ्यात चांगली जमीन, जिच्यावर घरचा वर्षाचा तांदूळ निघायचा. आधी तिथं वीस नंबर छोट्या छोट्या तुकड्यांत लावून बघायचे असा बेत होता. आता तो बदलला. अकराही घरांत एकच नंबर जाणार होता, एकशे सत्तेचाळीस, आणि तो आला तर पुढच्या वर्षी त्यांच्या सगळ्या रानात.

अन्नपूर्णाबाई रजेवरून परत आल्या तोवर पाण्याचा प्रयोग संपला होता. एक नंबर फार चांगला निघाला एवढं त्यांना कळलं, आणि त्या आनंदल्या. कुठला, ते त्यांनी विचारलं नाही. आम्ही साहेब लोक इंग्रजीत बोलत होतो आणि मला सांगायचं सुचलं नाही. त्याच दिवसांत बातमी आली होती की भाताची सगळी जनुकं वाचून झाली, सदतीस हजारांवर आहेत. मी ती मोठ्या तोऱ्यात त्यांना सांगितली. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "त्यांत तहानेचीं किती?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "कुणालाच माहीत नाही."

"बघा तर," त्या म्हणाल्या, जणू चूक माझीच होती.

सप्टेंबरच्या दोन तारखेला सकाळी मी त्यांना शीतगृहात अर्धा-अर्धा किलोच्या अकरा पिशव्या भरायला सांगितल्या. अकराच्या सुमाराला त्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात एक पिशवी होती, तिच्यावर एकशे सत्तेचाळीसची चिठ्ठी चिकटवलेली.

"मॅडम, उठून बसलेला नंबर म्हणतां, तो हा कीं काय?"

"हाच."

त्यांनी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. "ह्यास मीं पाणी दिल्हें."

मला आधी अर्थच लागला नाही. त्या सांगत राहिल्या. आडीच्या अठराव्याला, आकडे लिहून झाल्यावर. चंबू हातात होता. तीन पाइपांना तीन चंबू.

मी ओरडले. माझा स्वभावच तसा, आणि त्या दिवशी निमित्तही मोठं होतं. "एकोणीस वर्षं हे काम करताय तुम्ही. पाणी तोडलेल्या झाडाला पाणी घालायचं नसतं, हे मी शिकवायचं तुम्हांला?"

"नको. ठाऊक आहे."

"मग का घातलंत?"

"मरावयास टेकलें होतें. त्यांत सणाचा दिवस. मरणाऱ्याच्या तोंडीं पाणी घालतात, मॅडम. तुमच्या गांवीं घालीत नाहींत काय?"

आमच्या गावीही घालतात. माझ्या आजोबांच्या तोंडात मी स्वतः घातलं होतं.

"मज वाटलें, हें मेलेंच," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नऊशांत तीन. मेलेल्याचा आकडा पुढें कोण विचारितो? तें उठेल असें मनांतही आलें नाहीं."

मी खुर्चीत बसले. सगळं स्वच्छ दिसत होतं. मीटरभर पाइपात लिटरभर पाणी म्हणजे आठवड्याची बेगमी. तिन्ही पाइप शेजारी नसते तर एकच झाड उठलं असतं आणि मला लगेच शंका आली असती. जगात कुणी न पाहिलेलं असं काहीच घडलं नव्हतं. तहानलेल्या झाडाला पाणी मिळालं होतं, बस्स.

राग उतरल्यावर मला दुसरी गोष्ट आठवली. ती यादी अजून सहीवाचून टेबलावर होती. मी उठून दार लावलं. "हे बघा," म्हटलं, "मी साहेबांना सांगते की छप्पर गळलं. ऑगस्टात दोन मोठ्या सरी झाल्याच होत्या. बी थांबेल, तुमचं नावही येणार नाही."

"छप्पर कशास गळवितां? चांगलें छप्पर आहे तें."

"अन्नपूर्णाबाई, तुम्हांला कळत नाहीये. तुमच्या यादीवरची सही राहिलीय अजून."

"कळतें," त्या म्हणाल्या. "पण छप्पर म्हणून लिहिलें तर पुढच्या वर्षीं तुम्हीं छप्पर दुरुस्त कराल. पाइप तसेच जोडून ठेवाल. आणि माझ्यासारखी आणिक कोणी असेल ती पुन्हा पाणी घालील." मग म्हणाल्या, "माझ्या बोलण्यावर अकरा घरांनीं रान दिल्हें. त्यांस खोटें छप्पर सांगूं काय?"

त्या माझ्यासाठी थांबल्याही नाहीत. डायरेक्टरांच्या खोलीत त्या पुढे आणि मी मागे, अशा आम्ही गेलो. त्यांनी तमिळमध्ये चार वाक्यांत सांगितलं, कुठे, कधी, किती. डॉक्टर सेतुरामननी ऐकून घेतलं. पहिला प्रश्न विचारला तो शास्त्रज्ञासारखा, पाणी साधारण किती वाजता ओतलं. मग त्यांनी टेबलावरची यादी उचलली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांचा चेहरा पडला होता. म्हणाले, प्रयोग बिघडल्याचं मला कमिटीला लिहावंच लागेल, आणि लिहिल्यावर त्याच आठवड्यात हे नाव कायम करता येणार नाही. त्यांनी पहिल्या नावावर रेघ मारली.

"सेरी, सर," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. म्हणजे ठीक आहे.

मी तिथे उभी होते. क्षुल्लक गोष्टीवरून शिपायांवर तडकणारी मी, चूक माझ्या पाइप लावण्यातही आहे हे मोठ्यानं सांगू शकत होते. मी तोंड उघडलं नाही. ते मी नंतर अहवालात लिहिलं, सविस्तर लिहिलं, पण त्या खोलीत नाही बोलले. त्याची लाज मला आजही वाटते.

पुढच्या आठवड्यात आम्ही पाइप फोडले. त्या आल्या, नेहमीच्या वेळेला, नेहमीसारख्या. पाइप आडवा करायचा, आतली मातीची नळी जाळीवर सोडायची आणि बारीक धारेनं माती धुऊन काढायची, म्हणजे मुळं जशी होती तशी उरतात. पहिला एकशे सत्तेचाळीस काढला. त्याच्या मुळांचा दाट झुबका वरच्या हातभर मातीत होता, जिथं चंबूचं पाणी मुरलं होतं. त्याच्या खाली जवळजवळ काहीच नाही. अन्नपूर्णाबाईंनी तो उचलून बाजूला ठेवला.

मग आम्ही एकेक करत गेलो. दिवसाला चाळीस. सोळाव्या दिवशी दोनशे बारा नंबर आला. हा नंबर कुणाच्याच लक्षात नव्हता. त्याचे आकडे कधी सहा, कधी सात, पानांची टोकं जळलेली, दिसायला केविलवाणा. मेला नव्हता इतकंच. मी जाळीवर पाणी सोडलं आणि माती जाऊ लागली. मुळं हातभर गेली, दोन हात गेली, तरी संपेनात. पाइपाच्या तळाशी पोहोचून ती तिथं वळसा घालून बसली होती, पांढरीशुभ्र, दोऱ्याएवढी जाड. मी वळसा सोडवून पट्टी लावली. एक मीटर बावीस सेंटिमीटर. नऊशे पाइपांत तळाची वीतभर माती तेवढी ओलसर राहिली होती, आणि हे पोर न दिसणाऱ्या त्या ओलीपर्यंत काळोखातून उतरत गेलं होतं. दुसरा पाइप फोडला, तिसरा फोडला. तिन्हींत तेच.

रामनाथपुरमच्या कुठल्या जुन्या भातानं, कोण जाणे किती हजार कोरड्या वर्षांत, खाली जायचं हे शिकून घेतलं होतं. ते शिकलेलं एका फुलाच्या धुळीएवढ्या परागातून, चिमट्याच्या टोकावरून, सहा पिढ्या ओलांडून इथं आलं होतं, आणि त्याला कुणी काही सांगायची गरज पडली नव्हती. आम्ही मात्र वर उभे राहून पानं मोजत होतो.

अन्नपूर्णाबाईंनी ते मूळ दोन्ही तळव्यांवर घेतलं. पाणी त्यांच्या कोपरांवरून ओघळत होतं. डोळे भरले होते. म्हणाल्या, "ह्याच्याकडे मीं पाहिलेंही नव्हतें."

"मीही नाही," मी म्हटलं.

अहवाल लिहिताना मी त्यांना विचारलं की पाणी कुणी घातलं तिथे नुसतं कर्मचारी असं लिहू का. त्यांनी नाव घालायला लावलं. दोन हजार सहाचा प्रयोग पुन्हा केला, पाइप या वेळी शेडभर विखरून. आडीच्या अठराव्याला बोअरवेलची पूजा आटोपल्यावर अन्नपूर्णाबाईंनी चंबू आधी माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि रिकाम्या हातांनी शेडमध्ये गेल्या. दोनशे बारा पुन्हा तळाशी पोहोचला. यादीचं सांगायचं तर ती पुढे दोनदा निघाली, आणि दोन्ही वेळा त्यांचं नाव नियमांत बसलं नाही. साठाव्या वर्षी त्यांनी काम सोडलं ते रोजंदारीवरूनच.

दोन हजार सहाच्या सप्टेंबरात दोनशे बाराचं बी अकरा घरांत गेलं. सगळीकडे हाच नंबर, फक्त चारुलताच्या शेतात मधोमध एक ओळ एकशे सत्तेचाळीसची, तुलनेसाठी. ती माझी मागणी होती, आणि अन्नपूर्णाबाईंनी ते बी स्वतः मोजून दिलं. त्या हंगामात नोव्हेंबरच्या मध्यानंतर तिकडे पाऊसच पडला नाही. जानेवारीत आम्ही दोघी रेल्वेनं परमकुडीला गेलो आणि तिथून बसनं गावात. वाटेतली शेतं भुरकट पडलेली होती. तळ्यात तळ दिसत होता.

चारुलता आम्हांला बांधावर घेऊन गेली. दोनशे बारा उभा होता. खोऱ्यातल्या भातासारखा लगडलेला नव्हता, कुणी बघून वाहवा केली नसती, पण लोंब्या वाकलेल्या होत्या आणि दाबून पाहिलं तर दाणे भरलेले होते. पाचही गुंठ्यांत. आणि मधोमध, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एक ओळ पांढरी पडून वाळली होती. लोंब्या ताठ, आत फोल. हात लावला की चुरा होत होता.

"हीं मध्येंच कोणचीं मेलीं झाडें?" चारुलतानं विचारलं. "उपटून टाकूं काय, अक्का?"

"राहूं दे. तीं माझीं."

मग अन्नपूर्णाबाई बांधावर बसल्या आणि त्यांनी धाकट्या बहिणीला सगळं सांगितलं. दीड वर्षांत त्यांनी ते घरात कुणालाही सांगितलं नव्हतं; गावाला, प्रयोग बिघडला म्हणून बी वर्षभर उशिरा येईल, एवढंच कळवलेलं होतं. आडीचा दिवस, तीन चंबू, भरलेल्या पिशव्या, यादी. यादीचं एका वाक्यात उरकलं. चारुलता उभ्यानं ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं वाळलेल्या ओळीकडे पाहिलं, मग पलीकडे, जिथं बाकीच्या घरांची शेतं तळ्याखाली एकाला एक लागून होती.

"सगळ्यांच्या रानांत हेंच येणार होतें?"

"हेंच."

चारुलतानं खाली वाकून अक्काचा हात धरून तिला उठवलं, आणि आम्ही घरी पोहोचेपर्यंत तो सोडला नाही.